नारूचे गोड्या पाण्यातले भाऊबंद

पायविहिरीत माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यापाशी जातो. घागर बुडवताना पाय भिजतात. त्या पायाला नारूची जखम असली, तर गार पाणी लागताच कृमीची मादी जखमेच्या तोंडातून पिल्लांचा पांढुरका ढग पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचा जेमतेम मिलिमीटरभराचा जलचर ती पिल्लं गिळतो. पुढे तेच पाणी न गाळता कुणी प्यायलं, की सायक्लॉप्सबरोबर नारूही पोटात जातो, आणि वर्षभराने त्या माणसाच्या पायातून दोन-तीन फूट लांबीची मादी बाहेर यायला लागते. महाराष्ट्रातल्या ज्या गावांनी हे पाहिलं आहे, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळून काढायचा तो दोरा अजून आठवतो.

१९३० च्या दशकात म्हैसूर संस्थानातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यात व्ही. एन. मूर्ती हे संशोधक नारूचा असाच पाठपुरावा करत होते. त्यांच्यासोबत रॉकफेलर फाउंडेशनचे डब्ल्यू. सी. स्वीट होते. सायक्लॉप्स गोळा करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि आत वळवळणारी अळी शोधायची, हा कामाचा मुख्य भाग. पण सायक्लॉप्सच्या पोटात दिसलेली प्रत्येक अळी नारूचीच असेल, असं धरून चालता येत नव्हतं. माशांच्या आतड्यात राहणारे काही कृमीही आपलं बालपण सायक्लॉप्समध्येच काढतात. म्हणजे विहिरीत मासे असतील, तर एकाच जलचरात दोन निरनिराळ्या कृमींची पिल्लं सापडू शकतात. एक माणसाला अंथरुणाला खिळवणारं, दुसरं माणसाशी काही देणंघेणं नसलेलं.

मूर्तींनी हा माशांचा कृमीही तितक्याच बारकाईने अभ्यासला. १९३७ मध्ये त्याचं वर्णन नवी जात म्हणून प्रसिद्ध केलं आणि सहकाऱ्याच्या नावावरून तिला ‘कमॅलॅनस स्वीटाय’ म्हटलं. ज्या माशाच्या आतड्यात तो राहतो, त्याला त्या काळी ऑफिओसेफॅलस गाचुआ म्हणत. मरळीच्याच कुळातला, अंगाने लहान मासा. पुढच्याच वर्षी मूर्तींनी या कृमीचं सायक्लॉप्सपासून माशापर्यंतचं सगळं जीवनचक्र मांडलं. नारूच्या अळ्या सायक्लॉप्समध्ये कशा वाढतात, यावरचा त्यांचा प्रबंधही १९३८ चाच. हे दोन लेख शेजारी ठेवून वाचले, की माशांतल्या कृमींचं वर्गीकरण ही प्राणिशास्त्राच्या अडगळीतली हौस आहे, असं म्हणायला जीभ वळत नाही.

*

कमॅलॅनस ओळखणं सोपं आहे. माशाचं आतडं उभं चिरून पाण्यात पसरलं, की भिंतीला घट्ट चिकटलेले तांबडे दोरे दिसतात. तांबडे, कारण ते रक्तावर जगतात. नर काही मिलिमीटरचा, मादी त्याहून बरीच मोठी. सूक्ष्मदर्शकाखाली डोकं पाहिलं, की तोंडात पिवळट-तपकिरी, कठीण कुपी दिसते. ती दोन शकलांची असते, तिसऱ्यांच्या शिंपा असतात तशी, आणि आतून उभ्या रेघारेघांची. या कुपीने कृमी आतड्याचा चिमटा घेऊन बसतो. त्याचा भाऊबंद प्रोकमॅलॅनस. त्याची कुपी दोन शकलांची नसून अखंड पिंपासारखी आणि आतून गुळगुळीत असते. आणखी एका गटात पिंपाच्या आतल्या बाजूला मळसूत्री आटे असतात, त्याला स्पायरोकमॅलॅनस म्हणतात. अळी सायक्लॉप्समध्ये असतानाच ही कुपी तयार होऊ लागते, म्हणून जाणत्या डोळ्याला ती तिथेही ओळखता येते. नारूच्या अळीत अशी कुपी नसते.

मग कमॅलॅनस आणि नारू या दोघांना भाऊबंद कशावरून म्हणायचं? त्यासाठी आणखी मागे, जर्मनीत जावं लागतं.

रुडॉल्फ लॉयकार्ट हे एकोणिसाव्या शतकातलं परजीवशास्त्रातलं मोठं नाव. युरोपातल्या पर्च माशाच्या आतड्यातला एक लाल कृमी त्यांच्या अभ्यासात होता. तेव्हा त्याला क्युक्युलॅनस एलेगन्स म्हणत, आज आपण कमॅलॅनस लॅकस्ट्रिस म्हणतो. त्याची पिल्लं सायक्लॉप्समध्ये वाढतात, हे लॉयकार्ट यांना ठाऊक होतं. नारूची पिल्लंही त्यांनी पाहिली होती, आणि दोघांची ठेवण त्यांना फार सारखी वाटली. अलेक्सेई फेदचेन्को हा तरुण रशियन निसर्गअभ्यासक मध्य आशियातल्या तुर्केस्तानच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा लॉयकार्ट यांनी त्याला सुचवलं की नारूचा मधला यजमानही सायक्लॉप्समध्येच शोधून बघ. १८७० च्या सुमारास फेदचेन्कोला नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरून वाढताना दिसल्या. पुढे तीनच वर्षांनी माँ ब्लां परिसरात तो मरण पावला. तिशीही गाठली नव्हती.

हा प्रसंग मला परजीवशास्त्राच्या इतिहासातला सगळ्यात सुंदर तर्क वाटतो. जीन म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. डार्विनचं पुस्तक येऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. तरी एका माशातल्या कृमीची ठेवण माणसाच्या रोगाच्या शोधात वाटाड्या झाली. दोन प्राणी दिसायला सारखे असले तर त्यांची राहणीही सारखी असेल, एवढाच त्या अनुमानाचा आधार होता.

सायक्लॉप्स पोटात गेल्यावर माणसाला नारू होतोच, याचा थेट पुरावा मुंबईत मिळाला. परळच्या बॉम्बे बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डी. ए. तुर्खुड यांनी १९१३-१४ च्या सुमारास स्वयंसेवकांना बाधित सायक्लॉप्स पाजून तो मिळवला. आजच्या कुठल्याही नैतिक समितीने असला प्रयोग दारातूनच परत पाठवला असता. त्या काळी मात्र साखळीतली शेवटची कडी अशीच जोडली गेली.

*

आता शरीररचनेच्या कारागिरीकडे. हे काम कागदावर वाचताना कोरडं वाटतं, हातात घेतलं की वेगळंच असतं.

कृमी जिवंतपणी आतड्यातून सोडवावा लागतो. ओढला तर डोकं माशातच राहतं, आणि डोक्यावाचून सगळं व्यर्थ. सोडवलेला कृमी मिठाच्या सौम्य पाण्यात धुवायचा आणि गरम फॉर्मलिनमध्ये टाकायचा. गरम अशासाठी की तो क्षणात सरळ ताणला जातो. गार द्रवात टाकला तर वेटोळं करून मरतो आणि मग त्याची मापं घेणं अशक्य. नंतर ग्लिसरिनमध्ये ठेवून तो पारदर्शक होऊ द्यायचा. मग डोक्याचा टोकाचा तुकडा ब्लेडच्या कोऱ्या पातीने कापून काचेवर उभा करायचा, म्हणजे तोंड समोरून पाहता येतं. काचेवर ठेवलेला हा तुकडा मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान असतो. तो कोसळला की पुन्हा पहिल्यापासून.

नराची शेपटी याहून महत्त्वाची. तिथे मैथुनाच्या वेळी मादीला धरायच्या दोन शलाका असतात, बहुधा लहान-मोठ्या. त्यांची लांबी, आकार, टोक, आणि शेपटीखालच्या बारीक अंकुरकांचे गट कुठे नि किती, यावर जात ठरते. मादीत जननछिद्र शरीराच्या कुठल्या भागात येतं, शेपटीच्या टोकाला काटे आहेत का, हे पाहायचं. गेल्या काही दशकांत स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यामुळे पूर्वी नजरेतून सुटणारे अंकुरक दिसू लागले, आणि जुनी वर्णनं अपुरी ठरली.

या विद्येचे आजच्या काळातले सगळ्यात मोठे जाणकार म्हणून चेक प्रजासत्ताकातल्या चेस्के बुद्येयोविचेचे फ्रांतिशेक मोरावेत्स यांचं नाव घ्यावं लागतं. युरोपातल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या सूत्रकृमींवरचा त्यांचा ग्रंथ १९९४ चा, दक्षिण व मध्य अमेरिकेवरचा १९९८ चा. जगातल्या कुठल्याही नदीतला कृमी हाती आला की आधी मोरावेत्स काय म्हणतात ते पाहायचं, अशी या क्षेत्राची रीत आहे.

आपल्याकडेही या कामाची जुनी परंपरा आहे. एच. ए. बेलिस यांचे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतले सूत्रकृमींवरचे दोन खंड १९३६ आणि १९३९ चे. मुंबई इलाख्यात जे. एन. कर्वे बेडूक आणि माशांच्या कृमींवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून लिहीत होते. नाईक यांच्यासोबत त्यांनी माशांच्या सूत्रकृमींवर लिहिलेला लेख १९५१ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. १९५२ मध्ये त्यांनी शिंगी माशातून ‘प्रोकमॅलॅनस सॅकोब्रँकाय’ या जातीचं वर्णन केलं. शिंगीतूनच पुढे १९५८ मध्ये अगरवाल यांनी ‘प्रोकमॅलॅनस स्पायक्युलोगबर्नॅक्युलस’ नोंदवला. बाजारात टोपलीत वळवळणाऱ्या शिंगीच्या पोटात असा शास्त्रीय नावांचा संसार आहे.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. भारतात गेल्या शतकात माशांच्या कृमींच्या नव्या जाती जाहीर करण्याची लाट आली होती. एका माशात एक-दोन कृमी सापडले, शलाका चार मायक्रॉन जास्त लांब भरल्या, यजमान मासा वेगळा होता, की झाली नवी जात. त्यात कोवळे कृमी प्रौढ समजले गेले. गार फॉर्मलिनमध्ये आखडलेल्या नमुन्यांची मापं ही जातीची मापं ठरली. खुणेचा मूळ नमुना कुठल्या संग्रहालयात ठेवला याचा पत्ता अनेकदा लागत नाही. यातल्या बऱ्याच जाती नंतरच्या अभ्यासकांनी एकमेकींत विलीन करून टाकल्या. हा दोष शरीररचनेच्या पद्धतीचा नव्हता, घाईचा होता. पण बदनाम पद्धत झाली, आणि पुढे जनुकांचं तंत्र आल्यावर ‘आता मोजमाप कशाला’ असं म्हणणारे तयार झाले.

खुद्द पद्धतीतही एक खोच होतीच. पिंपात मळसूत्री आटे आहेत की नाहीत यावर गट पाडले, ते दिसायला नेटके होते. मग असे कृमी सापडले, ज्यांच्यात एका लिंगाच्या कुपीत आटे आहेत आणि दुसऱ्याची कुपी गुळगुळीत. नर एका गटात नि त्याचीच मादी दुसऱ्या गटात बसवायची का? मोरावेत्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून मार्ग काढला. त्यांनी स्पायरोकमॅलॅनस वगैरे गटांचा वेगळ्या प्रजातीचा दर्जा काढून घेतला आणि त्यांना प्रोकमॅलॅनसच्या पोटात उपप्रजाती म्हणून ठेवलं. तोडगा व्यवहारी होता. आटे असणं हा खरोखर नात्याचा पुरावा आहे की रक्त ओढायच्या सोयीसाठी पुनःपुन्हा आलेली रचना आहे, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

*

१९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मार्क ब्लॅक्सटर आणि सहकाऱ्यांचा लेख आला. ५३ सूत्रकृमी घेतले. त्यात शेतातले होते, समुद्रातले होते, माणसातले होते. प्रत्येकाच्या १८एस नावाच्या जनुकाचा क्रम वाचला. हे जनुक पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा भाग, म्हणून प्रत्येक प्राण्यात असतं आणि फार सावकाश बदलतं. लांबच्या नात्यांचा हिशेब लावायला असंच जनुक लागतं. त्या हिशेबातून सगळ्या सूत्रकृमींच्या पाच मोठ्या शाखा निघाल्या. तिसरी शाखा निव्वळ प्राण्यांतल्या परजीवींची होती. आपल्या पोटातले जंत, हत्तीरोगाचे कृमी आणि नारू, हे सगळे त्या एका शाखेत.

नारूच्या नावाचा इतिहासच घोळाचा आहे. १७५८ मध्ये लिनियसने त्याला गॉर्डियसमध्ये, म्हणजे घोड्याच्या केसासारख्या दिसणाऱ्या पाणकृमींमध्ये टाकलं होतं. पुढे बराच काळ त्याला फायलेरिया मेडिनेन्सिस म्हणत, म्हणजे हत्तीरोगाच्या कृमीचा सख्खा भाऊ. दोघेही लांब, दोघेही कातडीखाली वा ऊतींत राहणारे, तेव्हा हे वाटणं साहजिक होतं. २००७ मध्ये स्टीव्हन नॅडलर आणि सहकाऱ्यांनी या तिसऱ्या शाखेचाच तपशीलवार हिशेब मांडला. निष्कर्ष असा की आतडं सोडून ऊतींत राहायला जाण्याची सवय या कृमींमध्ये एकदा नव्हे, वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे आली. राहण्याची जागा सारखी, म्हणून नातं जवळचं, हा तर्क इथे कोसळतो.

लॉयकार्टचा अंदाज मात्र टिकला. चेक संशोधकांनी २००६ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये माशांतल्या सूत्रकृमींचे १८एस क्रम मोठ्या संख्येने वाचले. त्यात कमॅलॅनस-प्रोकमॅलॅनसचा गट आणि नारूचा गट एकमेकांजवळ येतात. कृमीचं पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दीडशे वर्षांपूर्वी केलेलं अनुमान आणि पेशीतल्या अक्षरांचा हिशेब एकाच दिशेने बोट दाखवतात. सायक्लॉप्समधून जाणारं जीवनचक्र हा त्यांचा समाईक वारसा दिसतो.

पण याच कामात दुसरीही गोष्ट दिसते. कुपीच्या आकारावरून पाडलेल्या प्रजातींच्या सीमा जनुकांच्या वृक्षावर नीट उतरत नाहीत. कमॅलॅनसचे काही सदस्य प्रोकमॅलॅनसच्या सदस्यांत मिसळलेले दिसतात. मोठं नातं आकाराने बरोबर सांगितलं होतं, बारीक वाटण्यांत गफलत होती. नवलाची बाब म्हणजे या जनुकीय अभ्यासांत मोरावेत्स स्वतः सहलेखक आहेत. ज्यांनी आयुष्यभर कुप्या आणि शलाका मोजल्या, त्यांनीच आपल्या वाटण्या तपासायला दिल्या.

*

आकार फसवतो कसा, याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण ईल माशाच्या फुग्यात आहे. मासा पाण्यात तरंगायला जो हवेचा फुगा वापरतो, त्यात राहणारा अँग्विलिकोला नावाचा कृमी. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या नद्यांतही ईल आहे, गोड्या पाण्यात वाढणारा आणि अंडी घालायला समुद्रात जाणारा. ही गोष्ट मात्र त्याच्या युरोपीय आणि जपानी भावंडांची.

अँग्विलिकोला क्रॅसस या जातीचं वर्णन जपानमध्ये १९७४ साली झालं. जपानी ईलमध्ये हा कृमी फारसा त्रास देत नाही, त्या दोघांची जुनी ओळख आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो जर्मनीत युरोपीय ईलमध्ये सापडला. पूर्व आशियातून जिवंत ईलचा व्यापार चालत होता, त्याच वाटेने तो आला. काही वर्षांत तो युरोपभर पसरला. १९९० च्या दशकात अमेरिकेतही दिसला. नव्या यजमानात त्याने फुग्याच्या भिंती जाड आणि निकामी केल्या. अंडी घालायला हजारो किलोमीटर पोहत सार्गासो समुद्रापर्यंत जाणाऱ्या माशासाठी हे किती मोठं संकट, हे वेगळं सांगायला नको. युरोपीय ईल २००८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याला धरणं, मासेमारी, प्रदूषण अशी बरीच कारणं आहेत आणि हा कृमी त्यांपैकी एक.

शरीररचनेच्या अभ्यासकांनी अँग्विलिकोलाला नारूच्या महागटात ठेवलं होतं. त्यातही १९८८ मध्ये मोरावेत्स आणि होर्स्ट ताराशेव्स्की यांनी त्याच्या पाच जातींची फेरतपासणी करून दोन उपप्रजाती केल्या. २००६ मध्ये मोरावेत्स यांनी त्यांनाच दोन स्वतंत्र प्रजाती केलं आणि सगळ्या कुळाला नारूपासून वेगळा महागट दिला. यातली दुसरी, म्हणजे वेगळ्या महागटाची, दुरुस्ती जनुकांनी उचलून धरली. १८एसच्या वृक्षावर अँग्विलिकोला नारूजवळ बसतच नाही. फुग्यातल्या जागेची गरज म्हणून शरीर तसं झालं होतं, त्यात नात्याचा भाग नव्हता. पहिली दुरुस्ती मात्र टिकली नाही. २०१२ मध्ये पाचही जातींचे जनुकक्रम एकत्र तपासले, तेव्हा क्रॅसस ही जात सगळ्यांच्या आधी फुटलेली निघाली आणि दोन प्रजातींची वाटणी निराधार ठरली. लेखकांनी सगळ्यांना पुन्हा अँग्विलिकोला या एकाच नावाखाली घ्यावं असं सुचवलं. त्या लेखकांत ताराशेव्स्की होते. २४ वर्षांपूर्वी घातलेली भिंत त्यांनीच पाडायला मदत केली. शास्त्रात असं होतं असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात होताना फार क्वचित दिसतं.

याच कृमीच्या लोकसंख्येचा जनुकीय अभ्यास २००८ मध्ये झाला आणि त्यातून पोलिसी तपासासारखं उत्तर मिळालं. युरोपातला कृमी तैवानमधून आला, अमेरिकेतला जपानमधून, दोन वेगळ्या घटना. सूक्ष्मदर्शकाखाली हे दोन्ही हुबेहूब सारखे आहेत. असल्या प्रश्नाला शरीररचनेकडे उत्तरच नसतं.

*

मग जनुकं वाचली की झालं, असं का नाही? याचं उत्तर प्रयोगशाळेतल्या दोन बाटल्यांत आहे.

फॉर्मलिनमध्ये कृमी सरळ राहतो, रचना शाबूत राहते, पण डीएनएचे तुकडे होतात आणि ते एकमेकांना चिकटून बसतात. क्रम वाचणं जवळपास हाताबाहेर जातं. अल्कोहोलमध्ये डीएनए सुरक्षित राहतो, पण कृमी आक्रसतो, सुरकुततो आणि मोजमाप बिघडतं. म्हणजे एकाच कृमीचं रूप आणि जनुक दोन्ही हवं, तर बाटलीच निवडता येत नाही. संग्रहालयांतले शंभर वर्षांचे नमुने बहुतेक फॉर्मलिनचे. कर्व्यांच्या, मूर्तींच्या काळी हा प्रश्नच नव्हता.

आता रूढ झालेली युक्ती अशी: कृमीचे तीन तुकडे करायचे. मधला भाग अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. डोकं आणि शेपूट, जिथे ओळखीच्या सगळ्या खुणा आहेत, ती वेगळी जपून काचेवर. दोन्हींना एकच क्रमांक. मग जनुककोशात टाकलेला क्रम नेमक्या कुठल्या कृमीचा, हे पुढे कुणालाही पडताळता येतं. ऐकायला साधं आहे, पण ही शिस्त पाळलेली नसते तिथे गोंधळ होतो. सार्वजनिक जनुककोशात कितीतरी क्रम असे आहेत, ज्यांच्यामागे जपलेला नमुना नाही. कृमी ओळखण्यात चूक झाली असेल तर ती चूक त्या क्रमाला कायमची चिकटते. पुढचा विद्यार्थी आपला क्रम त्याच्याशी जुळवतो, ९९ टक्के जुळला म्हणून तेच नाव देतो. खोटं नाव आता दोघांचं झालं.

म्हणून शलाका मोजणारा माणूस अजून लागतो. जनुक नातं सांगतं, पण नाव शेवटी एका नमुन्याला दिलेलं असतं, आणि तो नमुना कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेला असतो. कर्व्यांच्या जातीचं आज खरं काय हे ठरवायचं, तर कर्व्यांनी ज्या भागातली शिंगी घेतली त्याच भागातली ताजी शिंगी चिरून, कर्व्यांच्या वर्णनाशी पडताळून, मग जनुक वाचावं लागेल. हे काम महागडं नाही. चांगला सूक्ष्मदर्शक, पीसीआरचं यंत्र आणि मासेबाजारात पहाटे जायची तयारी, एवढं पुरतं. पहिली दोन साधनं जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनेक महाविद्यालयांत आज आहेत.

इथे खवय्या वाचक अस्वस्थ झाला असेल. त्याने निश्चिंत असावं. कमॅलॅनस आणि प्रोकमॅलॅनस माणसात वाढत नाहीत, आणि आपल्याकडे मासा साफ करून, शिजवून खातात. थायलंड-जपानसारख्या कच्चा मासा खाणाऱ्या देशांत मात्र नॅथोस्टोमासारखा कृमी माणसाच्या कातडीखाली फिरतो. तोही गोड्या पाण्यातल्या माशांतून येतो. १८३६ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं, ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका वाघाच्या जठरात सापडलेल्या नमुन्यावरून. चिंतेची जागा रस्स्यात नाही, दुसरीकडे आहे.

*

ती दुसरी जागा म्हणजे गप्पी मासे. मलेरिया आणि डेंग्यूवर उपाय म्हणून महाराष्ट्रातल्या नगरपालिका आणि आरोग्य विभाग विहिरी, हौद, डबक्यांत गप्पी सोडतात. मासा डासांच्या अळ्या खातो, ही कल्पना चांगलीच आहे. हवाई बेटांवरही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच हेतूने असे मासे आणून सोडले. त्यांच्यासोबत कमॅलॅनस कॉटाय हा कृमी आला. १९२७ मध्ये फुजिता यांनी जपानमध्ये त्याचं वर्णन केलं होतं. हवाईत तो गप्पीतून तिथल्या मूळच्या गोबी माशांत गेला. ते मासे या बेटांबाहेर कुठे सापडत नाहीत, आणि त्यांनी हा कृमी कधी पाहिलेला नव्हता. मत्स्यपेट्या बाळगणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे: गप्पीच्या गुदद्वारातून बाहेर डोकावणारे लाल धागे.

या जातीची आणखी एक करामत नॉर्वेच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवली. सायक्लॉप्ससारखा मधला यजमान नसला, तर हा कृमी माशातून थेट माशात जाऊ शकतो, तेही पिढ्यान्‌पिढ्या. मत्स्यपेटीच्या बंद पाण्यात टिकायला हे पुरेसं आहे. मग विहिरीत सोडण्याआधी गप्पीच्या टोळक्यातल्या दोन-चारांची आतडी कुणीतरी उघडून पाहावीत, एवढी अपेक्षा फार नाही. आपल्या ओढ्यांतले लहान देशी मासे, मळवे, ढोकरे, हेच त्याचे पुढचे यजमान असू शकतात.

मूर्ती आणि स्वीट यांनीही माशांचा असाच उपयोग सुचवला होता. १९३६ च्या त्यांच्या लेखात नारूवर जैविक उपाय म्हणून सायक्लॉप्स खाणारे बार्बस जातीचे देशी मासे पायविहिरीत सोडायची सूचना आहे. त्या काळाच्या मानाने सुज्ञ कल्पना. शेवटी भारतातला नारू गेला तो पाणी गाळणं, पायविहिरी बंद करणं आणि पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकणं या खटपटींमुळे. महाराष्ट्रासह सात राज्यांत चाललेल्या मोहिमेनंतर शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

जगात मात्र तो अजून आहे. १९८६ मध्ये दरवर्षी अंदाजे ३५ लाख माणसांना होणारा हा रोग २०२३ मध्ये १४ जणांवर आला. पण आफ्रिकेतल्या चाडमध्ये २०१२ पासून तो कुत्र्यांत दिसू लागला, वर्षाला शेकड्यांनी, काही वर्षी हजारावर. पहिला प्रश्न: हा नारूच आहे की त्याचा एखादा कुत्र्यातला भाऊबंद? मादीच्या शरीरावरून ते सांगता येत नाही. ड्रॅकंक्युलसच्या, म्हणजे नारूच्या प्रजातीतल्या, जाती नरावरून ओळखतात, आणि तीनेक सेंटिमीटरचा नर शरीराच्या आत मरतो, तो कुणाच्या हाती लागत नाही. मूर्तींनी कुत्र्यांना प्रयोगात लागण करून आतले कृमी मिळवले होते आणि १९३७ मध्ये या जातीचं फेरवर्णन लिहिलं होतं. चाडचं उत्तर जनुकांनी दिलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणसांतले आणि कुत्र्यांतले कृमी एकाच लोकसंख्येचे निघाले. वाटही पाण्याच्या घोटातून नसावी, तर नदीकाठी टाकलेल्या माशांच्या आतड्यांतून आणि बेडकांतून असावी, असा संशय बळावला. म्हणून तिथे आता आतडी पुरायला सांगतात आणि कुत्री बांधून ठेवतात.

माणसाच्या किंवा कुत्र्याच्या शरीरातून दोरा निघाला, की तो बाटलीतून अमेरिकेतल्या अ‍ॅटलांटाच्या प्रयोगशाळेत जातो. तिथे आधी सूक्ष्मदर्शक. पाठवलेल्यातले काही नमुने नारू नसतातच, दुसऱ्याच एखाद्या कृमीचा तुकडा निघतो. आकाराने शंका फिटली नाही तर १८एस. देश नारूमुक्त ठरायला सलग तीन वर्षं एकही रुग्ण सापडता कामा नये. बाटलीतल्या तुकड्याला नारू ठरवलं, तर ती तीन वर्षं पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची.